मंजूर पदे चौदा

केप्याच्या जलशुद्धीकरणाचा आराखडा मागितलाय पणजीनं,
पुढच्या तीस वर्षांचा, सोमवारपर्यंत.
मी तिसऱ्या टाकीच्या कठड्यावर बसून लिहितेय,
कारण ऑफिसातला पंखा क्लोरीननं खाल्ला
आणि इथं निदान वारा आहे, कुशावतीवरून येणारा.

रकाना एक: बांधल्याचं वर्ष.
पाटीवरचा शेवटचा आकडा गंजात गेलाय.
आगुस्तीनला विचारलं. म्हणाला,
बाप इथं खडी वाहत होता, मी आईच्या पोटात.
महिनाअखेरीस तो निवृत्त होतोय.
मी लिहिलं, साठ,
दोघांचंही.

रकाना दोन: गळती, अडतीस टक्के.
लोक म्हणतात कुठंतरी पाणी मुरतंय.
कुठं ते मी नकाशावर बोट ठेवून दाखवते,
रस्ता खोदायची परवानगी तेवढी येत नाही.

मागच्या आठवड्यात सल्लागार आला होता.
त्याच्या पडद्यावर सगळं निळंशार:
आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह, पाण्यात बुडवलेले सेन्सर,
मांडवीकाठच्या एका गार खोलीत बसलेला एकच माणूस.
मलाही हवंय ते, खोटं कशाला बोलू,
रात्री दोनला फोन माझाच वाजतो.
फक्त तीन नंबरचा व्हॉल्व्ह
त्याच्या ड्रॉइंगमध्ये सरळ फिरत होता
आणि शाणू वेळीप हसला, तोंडावर हात ठेवून.

एकोणीस वर्षं रोजंदारीवर आहे शाणू.
बेअरिंग कधी जाणार ते त्याला कानानं कळतं,
आणि गाळाचा रंग बघून सांगतो
वर रिवणात पाऊस पडला की कुणी डोंगर कापला.
तुरटी किती घालायची हे तो आधीच बोलून टाकतो,
मग मी काचेची भांडी मांडून तपासते
आणि तेवढीच निघते.
एकदा चुकला. बायको मडगावच्या हॉस्पिटलात होती तेव्हा.

रकाना सहा: मनुष्यबळ.
मंजूर पदे चौदा, हजर चार.
चारातला एक महिनाअखेरीस जाईल,
एक निवडणुकीच्या कामावर गेलाय तो परतलेला नाही.
शाणू या रकान्यात बसत नाही,
त्याचा हिशेब वाळू, तुरटी, किरकोळ सामान यांच्या पानावर.

शाळेत बाईंनी वाक्यात उपयोग करायला दिला होता:
उदक सोडणे, म्हणजे हक्क कायमचा सोडून देणे.
राजानं राज्यावर उदक सोडलं, असं लिहून
मी दहातले दहा मिळवले होते.
इथं शाणू रोज पहाटे चारला
गावाला उदक सोडतो,
चाक दोन्ही हातांनी धरून,
आणि सहाला सायकलवरून जाऊन
बाजारातल्या नळावर रांगेत स्वतःची कळशी लावतो.

तर मी रकाना सहाखाली लिहिलंय,
अनिवार्य पात्रता: उलट्या फिरणाऱ्या व्हॉल्व्हची जाण.
अनुभव: एकोणीस वर्षं, याच व्हॉल्व्हचा.
वयाची अट शिथिल.
शिवाय आणखी नऊ माणसं, तीन पाळ्यांत,
सेन्सर आले तरी, सेन्सर येईपर्यंत, आणि ते बंद पडल्यावर.
साहेब खोडतील.
खोडू देत.
खोडण्याआधी वाचावं तरी लागेल.

खालून आगुस्तीन ओरडतोय, बॅकवॉशची वेळ झाली,
बाय, फाईल ठेव, आज तू फिरव.
मी उतरते. लोखंड अजून गार आहे.
मला माहीत आहे, गेली चार पानं मी तेच लिहितेय,
तरी हात आधी
सरळच वळतात.
शाणू काही बोलत नाही.
थांबतो, माझ्या लक्षात येईपर्यंत.